टाळी कोणत्या मात्रेवर? मुंबईचा जॅझ आणि त्याचे श्रोते

लग्नसराईत नागपूरच्या कळमना भागात संध्याकाळी वरात निघाली, की बँडवाल्यांचे ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट कधी ना कधी ‘अलबेला’तल्या एखाद्या चालीवर येतातच. नाचणाऱ्या मंडळींना ती चाल भगवानदादांची म्हणून ठाऊक असते, फार तर सी. रामचंद्रांची म्हणून. त्या ट्रम्पेटच्या स्वरामागे न्यू ऑर्लीन्स, शिकागो, शांघाय, मुंबईचे ताजमहाल हॉटेल आणि गोव्यातील हळदोणे असा लांबचा प्रवास आहे, हे वरातीत कोणाच्या ध्यानीमनीही नसते. आजचा धागा त्या प्रवासाविषयी आहे. पण वादकांपेक्षा श्रोत्यांविषयी अधिक. मैफल संपली की तिचे जे काही उरते ते ऐकणाऱ्याच्या कानात उरते. इतिहासाच्या पुस्तकात मात्र श्रोत्याला सहसा जागा मिळत नाही.

आरंभ १९३५ चा. लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद त्या वर्षी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. सगळे वादक कृष्णवर्णीय अमेरिकन असलेला असा वृंद हिंदुस्थानात त्याआधी आलेला नव्हता. पुढच्याच वर्षी ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथने सूत्रे हाती घेतली, आणि त्याच १९३६ मध्ये मुंबईत ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ नावाची तबकडी ध्वनिमुद्रित झाली. पाठोपाठ शांघायचे नाईट क्लब गाजवून आलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड इथे स्थिरावला. वेस्ट व्हर्जिनियातील ब्लूफील्ड या गावी वाढलेला हा माणूस अमेरिकेतच राहिला असता, तर कदाचित तिथल्या पहिल्या फळीत गणला गेला असता. त्याने आशिया निवडला. १९४५ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात पटकीने त्याचा मृत्यू झाला.

या मैफलींना ‘मैफल’ म्हणणे खरे तर चूक आहे. ताजच्या दालनात कोणी ऐकण्यासाठी बसत नसे. लोक जेवत आणि नाचत, आणि संगीत त्या दोहोंच्या सोबतीला असे. तिथे शिरायला विशिष्ट पोशाख, पैसा आणि इंग्रजी शिष्टाचार लागत; म्हणजे लालबाग-परळचा गिरणी कामगार त्या दाराबाहेरच. पण एक विसंगती नोंदवलीच पाहिजे. ताजपासून चार पावलांवरच्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबमध्ये हिंदी माणसाला मज्जाव होता. त्याच सुमारास ताजमध्ये, आपल्या देशात वंशभेदाच्या कायद्यांनी जखडलेले कृष्णवर्णीय कलावंत व्यासपीठावर होते आणि संस्थानिक, पारशी धनिक व गोरे अधिकारी त्यांच्या ठेक्यावर पावले टाकत होते. या दृश्यात समतेचे स्वप्न पाहण्याचा मोह आवरलेला बरा. तिथे तिकीट रंगाचे नव्हते, खिशाचे होते.

त्या दालनात खऱ्या अर्थाने ऐकणारे लोक होते ते व्यासपीठावरच, आणि त्यात गोव्याचे तरुण मोठ्या संख्येने होते. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. त्यामुळे गोव्याहून मुंबईला येणाऱ्या मुलाच्या गाठोड्यात व्हायोलिन किंवा ट्रम्पेट असे, आणि डोक्यात लिहिलेले संगीत वाचण्याची विद्या. धोबीतलावच्या ‘कुडां’त, म्हणजे गावागावाने चालवलेल्या सामाईक बिऱ्हाडांत, ही मंडळी उतरत. कागदावरचे संगीत त्यांना वाचता येत होते. पण जॅझ कागदावर मावत नाही. ते वेदरफर्ड आणि स्मिथसारख्यांच्या शेजारी बसून, कानांनीच उचलावे लागले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर ही तालीम घराण्याचीच होती, फक्त गंडाबंधन झाले नव्हते. गोवेकरच नव्हेत, तर कावस खटाव नावाचा पारशी तरुण याच नादात सॅक्सोफोन हाती घेऊन ‘रूडी कॉटन’ झाला.

हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा त्या शिष्यांतला सर्वांत गाजलेला. जग त्याला ‘चिक चॉकलेट’ म्हणे आणि जाहिराती ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. ताजच्या शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात त्याचा वाद्यवृंद वाजे. (ते हॉटेल आता नाही, त्या जागी ताजचा उंच मनोरा उभा आहे.) रुमालाने घाम टिपत ट्रम्पेट वाजवण्याची आर्मस्ट्राँगची लकबही त्याने उचलली होती, असे सांगतात.

मग आली दारूबंदी. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आणि १९५० पासूनची संपूर्ण बंदी यांनी नाईट क्लबांचा आर्थिक कणा मोडला. जॅझचा इतिहास लिहिणारे पुष्कळदा हा प्रसंग सुवर्णयुगाचा शेवट म्हणून रंगवतात. हॉटेलात बसणाऱ्यांच्या दृष्टीने तो शेवट होताच. परंतु हॉटेलाबाहेरच्या श्रोत्याच्या दृष्टीने हाच आरंभ आहे. काम गमावलेले वादक दादर, अंधेरी, ताडदेवच्या चित्रपट स्टुडिओंकडे वळले, आणि जे संगीत पाच-पन्नास मेजांपुरते होते ते गावोगावच्या चित्रपटगृहांत पोचले.

इथे नागपूर पुन्हा कथेत येते. पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांकडे आणि नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शास्त्रोक्त संगीताचे धडे घेतले होते. ख्यालगायकीची अशी बैठक असलेला हा संगीतकार चिक चॉकलेटला साहाय्यक म्हणून हाताशी धरतो, आणि १९५१ मध्ये ‘अलबेला’ येतो. चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. भगवानदादा म्हणजे भगवान आबाजी पालव, परळच्या गिरणगावातून आलेले. ज्याला ताजच्या पायऱ्या चढता आल्या नसत्या, त्याच गिरणगावचा नायक त्या पायऱ्यांवरून उतरलेल्या ठेक्यावर नाचला, आणि थिएटरात प्रेक्षक त्याच्याबरोबर नाचले. पुढे गणपतीच्या मिरवणुकीत आणि वरातीत तीच पावले पडत राहिली. जॅझचा सर्वांत मोठा मराठी श्रोतृवर्ग हा आहे. आपण जॅझ ऐकतो आहोत हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि जॅझवर लिहिणाऱ्यांनी त्याला श्रोत्यांत मोजले नाही.

गमतीचा भाग असा, की याच सुमारास दिल्लीत एक मराठी मंत्री नेमका उलट दिशेने विचार करत होता. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीते अभिरुची बिघडवतात, त्यांत पाश्चात्त्य वाद्यांची भेसळ असते, अशी त्यांची भूमिका होती. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी वाद घातला नाही. त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावले. जॅझच्या अट्टल वेड्यांनी तो आणखी पुढे नेला. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम लघुलहरींवर लागू लागला. खरखर, मधूनच बुडणारा आवाज आणि कानाला लावलेला रेडिओ, अशी त्या पिढीची श्रवणसाधना होती.

या साधकांतलेच एक मुंबईचे निरंजन झवेरी. ते व्यवसायाने वादक नव्हते. ते श्रोते होते, आणि याच कारणाने या धाग्यात त्यांना मानाची जागा आहे. १९५२ मध्ये त्यांनी जहांगीर दलाल आदी मित्रांसह ‘ब्लू रिदम’ नावाचे जॅझविषयक नियतकालिक मुंबईतून काढले. ते फार काळ चालले नाही. पण नाचण्याऐवजी ऐकणारा, ऐकलेल्यावर वाद घालणारा आणि लिहिणारा श्रोता तयार झाला आहे, याचा तो लेखी पुरावा होता.

अशा श्रोत्यांना प्रत्यक्ष मैफली मिळू लागल्या त्या शीतयुद्धामुळे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जॅझला राजदूत बनवले. १९५८ मध्ये डेव्ह ब्रूबेकचे चौकट मुंबईला आले. इथे ब्रूबेक सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत बसून वाजवले. १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन आपल्या वाद्यवृंदासह आला. त्याचा तो आशिया दौरा तुर्कस्तानात थांबला, कारण केनेडींची हत्या झाली. या दौऱ्यातून पुढे ‘फार ईस्ट सूट’ ही रचनामाला जन्मली. आपल्याच देशात वंशभेदाविरुद्ध लढा पेटलेला असताना कृष्णवर्णीय कलावंतांना स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून जगभर मिरवणे यातला दुटप्पीपणा उघड आहे. श्रोत्याच्या पदरात मात्र त्यामुळे खरे संगीत पडले.

आणि ख्याल ऐकून तयार झालेल्या कानाला त्यात काय सापडत असेल? पुष्कळच. बारा मापांच्या ब्लूजचे चक्र आवर्तनासारखे फिरत राहते. प्रत्येक वादक त्यावर आपला विस्तार करतो आणि मूळ चालीवर परततो. दोन वादक चार-चार मापे वाटून घेतात तेव्हा सवाल-जवाबाची आठवण होते. फरकही मूलभूत आहे: आपल्याकडे तंबोरा एक षड्ज धरून ठेवतो, जॅझमध्ये पायाखालची स्वरसंगती सतत बदलते. टाळीचेही तसेच. जॅझचा जाणकार टाळी देतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो. म्हणूनच साठच्या दशकात जेम्स ब्राऊनने फंक घडवले, तेव्हा एक मजेशीर जवळीक निर्माण झाली. फंकचा सारा डोलारा पहिल्या मात्रेवर उभा असतो. ब्रास, गिटार, ड्रम सगळे इकडेतिकडे उड्या मारून नेमके तिथे येऊन आदळतात. समेवर येणे ही आपल्या श्रोत्याला कोणी शिकवायची गोष्ट नाही. अर्थात समेच्या मागे तालाचे संपूर्ण शास्त्र आहे, आणि साम्य इथेच थांबते.

मुंबईच्या आशा पुथलींचा प्रवास या वाटेवरचाच. हिंदुस्थानी संगीत आणि ऑपेरा या दोन्हींची तालीम घेतलेल्या या गायिकेविषयी वेद मेहतांनी ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’त लिहिले, आणि अमेरिकेत गेल्यावर ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या ध्वनिमुद्रिकेत त्या दोन गाणी गायल्या. १९७६ च्या ‘द डेव्हिल इज लूज’मध्ये त्या थेट फंक आणि डिस्कोत उतरल्या. त्याआधी १९६७ मध्ये तबलावादक केशव साठे जर्मनीत ‘जॅझ मीट्स इंडिया’साठी बसले होते. बेळगावच्या शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू तर जगभरच्या जॅझ रंगमंचांवर वाजवत राहिले, आणि १९८८ च्या ‘उस्फ्रेत’मध्ये त्यांनी आईचाच आवाज घेतला.

‘सायन्स फिक्शन’ बाजारात आली ते वर्ष होते १९७२. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. डॉ. म. ना. वानखेडे यांच्यासारखे अभ्यासक अमेरिकेत शिकून आले होते आणि कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख मराठीला करून देत होते. म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिका महाराष्ट्रात दोन दारांनी आली: दक्षिण मुंबईत संगीत म्हणून, आणि औरंगाबाद, नागपूर, कामाठीपुऱ्यात शब्द म्हणून. ही दोन दारे एकमेकांकडे क्वचितच उघडली. ब्लूजचे दुःख ज्यांना सर्वांत लवकर उमगले असते त्यांच्यापर्यंत ब्लूज पोचलाच नाही, आणि ज्यांच्याकडे तबकड्या होत्या त्यांना वस्तीतल्या कविता ठाऊक नव्हत्या. मुंबईच्या जॅझचा इतिहास लिहिताना हॉटेलांच्या झगमगाटापेक्षा या चुकामुकीवर अधिक पाने खर्च व्हायला हवीत.

त्यातल्या त्यात दार रुंद झाले ते फेब्रुवारी १९७८ मध्ये. झवेरी आणि त्यांच्या ‘जॅझ इंडिया’ संस्थेने पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली, तीही हॉटेलात नव्हे, तर धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात. ना मेजे, ना नाचाची फरशी. आकाशाखाली बसायचे आणि ऐकायचे. एकेकाळी एलिंग्टनच्या वाद्यवृंदात असलेला ट्रम्पेटवादक क्लार्क टेरी आला. सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स आला. रॉलिन्सला मुंबई नवी नव्हती. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, कीर्तीच्या शिखरावरून बाजूला होऊन, त्याने पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही काळ काढला होता. तेव्हा तो शांतता शोधत आला होता, आता वाजवायला. पुढच्या यात्रांत दार्जिलिंगचे लुई बँक्स आणि गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांचे भारतीय-जॅझ प्रयोगही श्रोत्यांनी ऐकले. ब्राझ हे चिक चॉकलेटचे जावई.

‘यात्रा’ हे नाव ज्याने सुचवले असेल त्याला दाद द्यावी लागते. आपल्याकडे गावची जत्रा जशी ठरावीक काळाने भरते, तशी ही दर दोन वर्षांनी भरे, आणि तिच्या तारखा सांभाळून रजा काढणारे वारकरीही तिला लाभले. रंगभवनापासून ज्या कुडांत एकेकाळी गोव्याचे वादक राहत, ती पायी काही मिनिटांच्या अंतरावर होती. १९३५ मध्ये ज्या संगीताची साथ करून ते मध्यरात्री धोबीतलावला परतत, ते संगीत आता त्यांच्या दारात, उघड्यावर वाजत होते, आणि ज्याला तिकीट परवडले नाही तोही महापालिका मार्गाच्या फुटपाथवर उभा राहून ऐकू शकत होता.

रंगभवन आता मैफलींना मिळत नाही. भोवती रुग्णालये आणि शिक्षणसंस्था असल्याने २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर तो परिसर शांतता क्षेत्रात गेला, आणि काही वर्षांतच तिथले ध्वनिक्षेपक बंद झाले.