मालवणच्या पाण्याखालचे रान

नागपूरहून मालवण गाठायचे तर अख्खा महाराष्ट्र आडवा पार करावा लागतो. तरीही पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचे म्हटले, की वैदर्भीय माणूस तारकर्ली-मालवणचीच वाट धरतो.

थंड समुद्रातली केल्प या उंच शेवाळाची जंगले आपल्या किनाऱ्यावर नाहीत. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी 1834 मध्ये डार्विनने ती पाहिली. ती नष्ट झाली तर जमिनीवरचे जंगल तुटल्यावर मरतात त्याहून कितीतरी अधिक जीव मरतील, असे त्याने नोंदवले. केल्पला आपले उबदार पाणी मानवत नाही. पण त्याच्याच तपकिरी शेवाळांच्या गोतातले सरगॅसम मालवणच्या खडकांवर दाट माजते. पावसाळा सरला की ते वाढू लागते, हवेच्या बारीक फुग्यांच्या आधाराने उभे राहते आणि उन्हाळ्यात तुटून किनाऱ्याला लागते. माशांची पिल्ले त्याच्या आडोशाने वाढतात.

हे पाणी इतिहासाचेही आहे. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. आज स्कूबाच्या होड्या याच किल्ल्याच्या आसपास नांगर टाकतात. 1987 मध्ये इथले 29.12 चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले; किल्ला आणि पद्मगड त्याच्या गाभ्यात आले. मासेमारांनी कडाडून विरोध केला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात रापणीचे जाळे ओढले, तिथेच मज्जाव होणार ही त्यांची भीती खरी होती, आणि त्यांना विश्वासात न घेता रेघा आखणे ही चूकच होती.

कूस्तो आणि गान्यां या फ्रेंच जोडीने 1943 मध्ये घडवलेले स्कूबाचे श्वसनयंत्र मालवणला पोचायला अनेक दशके लागली. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांनी इथल्या प्रवाळांचा अभ्यास केला, स्थानिक तरुणांना पाण्याखाली नेले. पुढे पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीत उभी राहिली. मासेमारांची मुले मार्गदर्शक झाली. पोहता न येणाऱ्या पाहुण्याची टाकी मागून धरून ती त्याला काही मीटर खाली नेतात, खुणांनी बोलतात. खाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो, हे उतरण्याआधीच शिकवावे लागते.

धंदा वाढला, शिस्त मागे राहिली. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. शिवाय प्रवाळावर रोज पडणारे नांगर ज्या रानासाठी माणसे येतात तेच ओरबाडतात. नौदलातून 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका निवतीजवळ बुडवून नवे प्रवाळस्थळ उभारण्याचे राज्याने ठरवले, ते चांगलेच. पण जुने खडक राखणे त्याहून निकडीचे आहे.

विदर्भातून जाणाऱ्यांनी होडीत बसण्याआधी जीवरक्षक जाकीट मागावे, आणि नांगर न टाकता पक्क्या बोयाला होडी बांधणाऱ्यालाच पैसे द्यावेत.