प्रतिभाताई पाटील : जळगाव ते राष्ट्रपती भवन

भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी 25 जुलै 2007 रोजी पदाची शपथ घेतली. या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्याच महाराष्ट्रीय व्यक्ती होत.

त्यांचा जन्म 19 डिसेंबर 1934 रोजी जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे झाला. मुंबईतून कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांनी जळगावच्या न्यायालयात वकिली केली. 1962 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, त्या जळगावमधून विधानसभेवर निवडून आल्या. पुढे एदलाबाद, म्हणजे आताच्या मुक्ताईनगर मतदारसंघाने त्यांना सलग चार वेळा कौल दिला. समाजकल्याण, आरोग्य, शिक्षण, नगरविकास अशी अनेक खाती त्यांनी सांभाळली. मात्र मुख्यमंत्रिपद त्यांच्या वाट्याला आले नाही.

त्यांच्या कारकिर्दीचा कस लागला तो 1978 च्या काँग्रेस फुटीत. राज्यातील अनेक मातब्बर नेते इंदिरा गांधींपासून दूर झाले असताना त्या मात्र त्यांच्यासोबत राहिल्या. पुलोद सरकारच्या काळात 1979 मध्ये त्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. ही निष्ठा पक्ष विसरला नाही. 1985 मध्ये राज्यसभा, पाठोपाठ त्या सभागृहाचे उपसभापतिपद, 1988 मध्ये प्रदेशाध्यक्षपद आणि 1991 मध्ये अमरावतीतून लोकसभा असा त्यांचा प्रवास झाला. एकाही निवडणुकीत त्यांचा पराभव झाला नाही.

2004 मध्ये त्या राजस्थानच्या राज्यपाल झाल्या. तेथील भाजप सरकारच्या धर्मांतरविषयक विधेयकाला त्यांनी 2006 मध्ये संमती दिली नाही.

राष्ट्रपतिपदासाठी शिवराज पाटील यांच्या नावाला डाव्या पक्षांनी आक्षेप घेतल्यानंतर त्यांचे नाव पुढे आले. शिवसेनेने राष्ट्रीय लोकशाही आघाडीची भूमिका बाजूला सारून मराठी उमेदवाराला मते दिली. पाटील यांना 6,38,116, तर भैरोसिंह शेखावत यांना 3,31,306 मूल्याची मते मिळाली.

राष्ट्रपती या नात्याने त्यांची सर्वाधिक चर्चा झाली ती दयेच्या अर्जांवरील निर्णयांमुळे. 30 हून अधिक दोषींची फाशी जन्मठेपेत बदलली गेली. असे निर्णय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होतात, हे टीकेच्या गदारोळात अनेकदा नजरेआड झाले. नोव्हेंबर 2009 मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोई विमानातून उड्डाण केले.

जुलै 2011 मध्ये त्यांनी मंगोलियाचा दौरा केला. 1988 मधील आर. वेंकटरामन यांच्या भेटीनंतर भारतीय राष्ट्रपतींचा तो पहिलाच दौरा होता. त्यांचे यजमान त्साखियागीन एल्बेगदोर्ज हे 1990 च्या लोकशाही चळवळीतील अग्रणी आणि दोनदा पंतप्रधान राहिलेले नेते होते. त्यांची निवड थेट जनतेने केली होती. मंगोलियात राष्ट्रपतीला संसदेने संमत केलेल्या कायद्यावर नकाराधिकार वापरता येतो, मात्र पदावर येताना पक्ष सोडावा लागतो. भारतीय राष्ट्रपतीला विधेयक पुनर्विचारासाठी एकदा परत पाठवता येते. संसदेने ते पुन्हा संमत केल्यास संमती रोखता येत नाही.

परदेश दौऱ्यांवरील 200 कोटींहून अधिक खर्चावर टीका झाली. पुण्यात लष्कराच्या जमिनीवर नियोजित निवृत्तिनिवासाचाही वाद झाला आणि एप्रिल 2012 मध्ये त्यांनी ते निवासस्थान नाकारले. त्याच वर्षी 25 जुलै रोजी प्रणव मुखर्जी यांच्याकडे सूत्रे सोपवून त्या पुण्यात राहावयास आल्या.