ढलपी आणि गोळी: लाकडी इंधनाची कुळकथा

थंड देशांत घरे, शाळा आणि गावेच्या गावे तापवणाऱ्या आजच्या स्वयंचलित बॉयलरांत लाकूड दोन रूपांत जळते. एक ढलपी, म्हणजे यंत्राने काढलेला दोन-चार सेंटिमीटरचा लाकडाचा तुकडा. दुसरी गोळी, म्हणजे भुसा दाबून केलेली 6 किंवा 8 मिलिमीटर व्यासाची छोटी कांडी. दोन्ही एकाच झाडापासून होतात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. इंधन म्हणून ढलपी जंगलाच्या मालकाने घडवली, तर गोळी लाकूड कापणाऱ्या गिरणीने. आज दोहोंतून निवड करणाऱ्याला जे प्रश्न पडतात, त्यांची बहुतेक उत्तरे या जन्मभेदात सापडतात.

ढलपी मुळात इंधन नव्हती. रसायनांत लाकूड शिजवून कागदाचा लगदा करायचा, तर तुकडे सारख्या आकाराचे हवेत. त्यासाठी फिरत्या चकतीवर सुऱ्या बसवलेली यंत्रे 19व्या शतकाच्या उत्तरार्धात कागद गिरण्यांत आली. तीच पुढे ट्रॅक्टरला जोडली गेली, ती तेलामुळे. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. गरजेचे बहुतेक तेल बाहेरून आणणाऱ्या, पण जवळपास निम्मी भूमी जंगलाखाली असलेल्या ऑस्ट्रियात शेतकऱ्यांची नजर आपल्याच रानाकडे वळली. तिथले पुष्कळ जंगल लहान शेतकरी कुटुंबांच्या मालकीचे आहे. विरळणीत निघणारी बारीक झाडे, शेंडे, फांद्या यांना फळ्यांच्या बाजारात किंमत नव्हती. त्यांच्या ढलप्या करून वाळवल्या की घर तापे, आणि उरलेल्या ढलप्या गावात विकता येत. पुढे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी गावाच्या कडेला मोठे बॉयलर उभारून नळांवाटे घरोघर गरम पाणी पोचवायला सुरुवात केली. 5 नोव्हेंबर 1978 च्या सार्वमतात ऑस्ट्रियाने त्स्वेन्टेन्डॉर्फचा बांधून तयार झालेला अणुवीज प्रकल्प नाकारला, आणि देशी इंधनांचे महत्त्व आणखी वाढले.

गोळीची कथा अटलांटिकच्या पलीकडे, भुशाच्या ढिगांतून सुरू होते. अमेरिकेच्या वायव्य भागातील लाकूड गिरण्यांना भुसा आणि रंध्याच्या कातरणाची विल्हेवाट ही कायमची डोकेदुखी होती. 1930 च्या दशकात आयडाहोतील लुइस्टनच्या गिरणीत हा भुसा दाबून जळाऊ ओंडके बनवले जाऊ लागले. गोळीचे खरे यंत्र मात्र पशुखाद्याच्या कारखान्यातून आले. मराठी शेतकरी जिला गोळी पेंड म्हणतो, तिचेच हे यंत्र. भोके पाडलेल्या जाड पोलादी कड्याच्या आत रूळ फिरतात, कोरडा भुसा भोकांतून रेटतात आणि बाहेरची सुरी कांड्या तोडते. घर्षणाने भुसा शंभर अंशांच्या आसपास तापतो, लाकडातील लिग्निन मऊ होते आणि थंड होताना कणांना धरून ठेवते. निसर्गानेच लाकडात घातलेला हा चीक हाताशी असल्याने वेगळा डिंक लागत नाही. इतकी साधी आणि सुंदर सोय इंधनाच्या इतिहासात क्वचितच आढळते.

अशा इंधन गोळीचे पेटंट रुडॉल्फ गुनरमन यांना 1977 मध्ये अमेरिकेत मिळाले, आणि ओरेगनमधील ब्राउन्सव्हिल येथे तिचे उत्पादन सुरू झाले. सुरुवातीचे गिऱ्हाईक कारखाने होते. गोळी दिवाणखान्यात नेली ती बोइंगमधील विमान अभियंता जेरी व्हिटफील्ड यांनी. 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी गोळ्या आपोआप भरणारी आणि पंख्याने हवा देणारी घरगुती शेगडी बनवली. स्वीडनमध्ये मोरा येथे 1982 साली कारखाना निघाला आणि 1986 मध्ये बंद पडला. त्याच वर्षी जगभर तेलाचे भाव कोसळले होते. स्वीडनने 1991 मध्ये कार्बन कर लावला, तेव्हा कोळसा आणि तेल महाग पडू लागले आणि गोळीला तिथे पुन्हा उठाव आला.

भेद आकड्यांत मांडला की निवड सोपी होते. चांगल्या प्रतीच्या गोळीत पाणी 10 टक्क्यांहून कमी आणि राख 0.7 टक्क्यांपर्यंत असते. एका किलोतून सुमारे 4.8 युनिट (किलोवॅट-तास) उष्णता मिळते, म्हणजे दोन किलो गोळ्या आणि एक लिटर तेल यांचे काम जवळपास सारखे. 30 टक्के पाणी असलेल्या ढलपीच्या किलोतून सुमारे 3.4 युनिट मिळतात, आणि ताज्या, निम्मे पाणी असलेल्या लाकडातून जेमतेम सव्वादोन. शिवाय ढलप्यांचा ढीग पोकळ असतो. वर्षाला 20,000 युनिट उष्णता लागणाऱ्या घराला सहा-सात घनमीटर गोळ्या पुरतात, तर ढलप्यांना साधारण पंचवीस घनमीटर जागा लागते. गोळ्यांचा टँकर रस्त्यावर उभा राहतो आणि जाड नळीतून हवेच्या जोराने गोळ्या तळघरात फेकतो. पूर्वी ज्या कोठीत तेलाची टाकी होती, तिथेच त्या मावतात. शहरातील घरांनी गोळी स्वीकारली ती मुख्यतः यासाठीच.

ढलपीला कोठार लागते, ट्रॉली उलटी करण्याइतके अंगण लागते, आणि तळाशी गोल फिरणारे लवचीक हात बसवावे लागतात, म्हणजे माल बॉयलरकडे नेणाऱ्या मळसूत्राकडे सरकत राहतो. एखादी लांब काडी किंवा दगड अडकला की यंत्र थांबते. ओल्या ढिगात बुरशी धरते, ढीग आतून तापतो आणि उष्णता फुकट जाते. तरीही जिथे मागणी मोठी आणि लाकूड जवळचे, तिथे ढलपीच स्वस्त पडते, कारण तिला ना दळणे ना दाबणे. लांब वाहतूक मात्र तिला परवडत नाही, कारण गाडीत लाकडाबरोबर पाणी आणि हवाही भरावी लागते.

गोळी उलट जहाजाने समुद्र ओलांडते. 2013 पासून इंग्लंडमधील ड्रॅक्स वीजकेंद्राचे कोळशाचे संच एकेक करून गोळ्यांवर आणले गेले, आणि त्यासाठी उत्तर अमेरिकेतून माल येऊ लागला. इतक्या मागणीपुढे गिरणीचा भुसा पुरत नाही, म्हणून गोळ्यांसाठी थेट जंगलातले लाकूडही वापरले जाते. असे लाकूड जाळावे का, हा वाद रास्तच आहे. बाजारातून विकत घ्यावी लागणारी गोळी भावाच्या चढउतारातही सापडते: 2006 मध्ये ऑस्ट्रियात गोळ्यांचे भाव भडकले आणि पुढच्या वर्षी तिथली नव्या बॉयलरांची विक्री घसरली. स्वतःच्या रानातील ढलप्यांवर चालणाऱ्या शेतकऱ्याला ही झळ लागली नाही.

गोळीला आणखी एक धोका आहे. 2006 मध्येच स्वीडनच्या हेल्सिंगबोर्ग बंदरात गोळ्यांनी भरलेल्या जहाजावर कार्बन मोनॉक्साइडने एकाचा जीव गेला. साठवलेल्या गोळ्यांतील तेलकट घटकांची हवेशी क्रिया होऊन हा वासहीन वायू निघतो. म्हणून कोठीला वायुवीजन हवेच, आणि आत उतरण्यापूर्वी ती मोकळ्या हवेने भरून घ्यावीच लागते.

ढलप्यांसाठी बनवलेल्या बऱ्याच बॉयलरांत योग्य मांडणी करून गोळ्याही जाळता येतात. केवळ गोळ्यांसाठी बनवलेल्या बॉयलरात ढलप्या चालत नाहीत, कारण त्याच्या अरुंद नळीतून त्या पुढे सरकतच नाहीत.