कमी चालणाऱ्या गाडीचे इंजिन ऑइल किती दिवसांनी बदलावे?

कळवणसारख्या तालुक्यात बऱ्याच वाहनांचे वर्ष शेतीच्या हंगामावर ठरते. मार्च ते मे या काळात उन्हाळ कांद्याची काढणी सुरू असते, तेव्हा ट्रॅक्टर आणि पिकअपला उसंत नसते. कांदा एकदा चाळीत गेला की भाव पाहून थोडा थोडा बाजारात नेला जातो आणि तीच वाहने आठवडाआठवडा शेडखाली उभी राहतात. मुलगा नोकरीला पुण्या-मुंबईला असेल तर घरची कारही सणावाराला किंवा दवाखान्याच्या कामालाच बाहेर निघते. अशा वेळी प्रश्न पडतो: गाडी चाललीच नाही, तर ऑइल बदलायचे कशाला?

प्रश्न रास्त आहे. न चाललेल्या गाडीवर विनाकारण खर्च कोणालाच नको असतो. पण ऐन हंगामात इंजिनाचे काम निघाले, तर वाचवलेल्या ऑइलच्या कित्येक पट पैसे जातात आणि माल शेतात पडून राहतो तो वेगळाच.

थोडक्यात उत्तर

गाडी कितीही कमी चालली तरी इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर वर्षातून एकदा बदलावा. गाडी फक्त गावातल्या गावात, दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांसाठीच वापरली जात असेल, तर सहा महिन्यांनी बदलणे जास्त सुरक्षित. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत वेगळी मुदत दिली असेल तर ती पाळावी. कंपन्या ही मुदत ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यांपैकी जे आधी होईल ते’ अशी लिहितात. भारतातल्या अनेक छोट्या कारसाठी ती 10,000 किलोमीटर किंवा 12 महिने अशी असते. कमी चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत किलोमीटर कधीच भरत नाहीत, म्हणून महिनेच मोजायचे.

उभ्या गाडीतले ऑइल खराब कसे होते?

बंद डब्यातले ऑइल थंड, कोरड्या जागी काही वर्षे चांगले राहते. इंजिनातले राहत नाही, कारण ते एकटे नसते. इंजिन चालताना जळणाचे अवशेष त्यात मिसळलेले असतात.

पहिला शत्रू पाणी. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण तेवढेच पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातली बहुतेक वाफ सायलेन्सरमधून बाहेर जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन थंड असेल तर ती तिथेच गोठून पाण्याचे थेंब होतात. इंजिन नीट तापले की हे पाणी पुन्हा वाफ होऊन निघून जाते. पण त्यासाठी ऑइल बराच वेळ चांगले गरम राहावे लागते. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा पाण्याचे म्हणजे कूलंटचे तापमान दाखवतो. ऑइल त्याच्या मागून तापते. काटा मधोमध आला म्हणजे ऑइलही तापले, असे नसते.

दुसरा शत्रू इंधन. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागते. त्यातले न जळलेले थोडे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते आणि ऑइल पातळ करते.

तिसरा शत्रू आम्ल. जळणातून निघणारे काही वायू पाण्यात मिसळले की आम्ल तयार होते आणि ते बेअरिंगसारख्या भागांना खाते. हे आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये मुळातच काही रसायने घातलेली असतात. गंज रोखणारी, घाण विरघळून धरणारी, झीज कमी करणारी अशी इतरही रसायने असतात. ती हळूहळू संपत जातात. ऑइलचा चिकटपणा हाताला ठीक लागला तरी ही रसायने संपलेली असू शकतात. जुने ऑइल भरून गाडी चार महिने उभी केली, तर ते आम्ल आणि पाणी चार महिने इंजिनाच्या आतच बसून राहते.

पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवसा ऊन, रात्री गारवा अशी हवा असते, तेव्हा दमट हवेतला ओलावाही थंड लोखंडावर जमतो. कळवणच्या पश्चिमेला डोंगराच्या अंगाने पाऊस जास्त, त्यामुळे तिकडे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या वाहनांची जास्त काळजी घ्यावी लागते.

कमी किलोमीटर, पण कसे चाललेले?

दोन गाड्या घेऊ. पहिली महिन्यातून एकदाच कळवणहून नाशिकला जाऊन येते. एका बाजूला सुमारे 75 ते 80 किलोमीटर. दुसरी रोज मळ्यातून गावात दोन किलोमीटर जाते आणि परत येते. दोन्हींची वर्षाची धाव दोन हजार किलोमीटरच्या आतच राहते. तरी दुसऱ्या गाडीचे ऑइल लवकर खराब होते. पहिल्या गाडीचे इंजिन दर फेरीला दीड-दोन तास तापते आणि साठलेले पाणी उडून जाते. दुसरीचे इंजिन पुरते तापायच्या आतच बंद होते.

बाजार समितीत लिलावासाठी रांगेत लागलेल्या पिकअपचेही असेच. इंजिन सुरू, गाडी पावलापावलाने पुढे. मीटरवर किलोमीटर पडत नाहीत, पण इंजिनाचे तास पडत असतात. म्हणून कंपन्यांच्या पुस्तिकेत छोट्या फेऱ्या, बराच वेळ जागेवर इंजिन सुरू ठेवणे, धूळ, जड भार आणि घाटातली चाल यांना ‘कठीण वापर’ म्हटलेले असते आणि त्यासाठी मुदत कमी करून दिलेली असते.

कोणत्या वाहनाला किती?

*कार (पेट्रोल):* वर्षातून एकदा. फक्त छोट्या फेऱ्या असतील तर सहा महिन्यांनी. छोट्या कारमध्ये साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल लागते.

*डिझेल कार आणि पिकअप:* वर्षातून एकदा, आणि भार जास्त असेल तर पुस्तिकेत दिलेल्या कमी किलोमीटरवर. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 नियमांनंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धूर गाळणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन मधूनमधून जास्तीचे डिझेल वापरते. गाडी सतत छोट्या फेऱ्या मारत असेल तर हे काम अर्धवट राहते आणि डिझेल ऑइलमध्ये उतरते. पट्टीवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली, तर हेच कारण असू शकते. अशा वेळी मुदतीची वाट न पाहता ऑइल बदलावे. या गाड्यांना कमी राख सोडणारे, पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल लागते. ट्रॅक्टरचे उरलेले ऑइल त्यात ओतू नये.

*ट्रॅक्टर:* इथे किलोमीटर नव्हे, तास मोजतात. अनेक मॉडेलना 250 तासांनी ऑइल बदलायला सांगितलेले असते, काही नव्या मॉडेलना त्याहून जास्त. वर्षात 120 तासच चाललेल्या ट्रॅक्टरचे 250 तास भरायला दोन वर्षे लागतील. तेवढे थांबू नये. तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलावे.

*मोटारसायकल आणि स्कूटर:* यांच्यात ऑइल एक लिटरच्या आसपासच असते, म्हणून घाण लवकर साठते. बहुतेक मोटारसायकलींमध्ये तेच ऑइल गिअर आणि क्लचलाही लागते. वर्षातून एकदा तरी बदलावेच.

सिंथेटिक ऑइल असेल तर?

सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त टिकते आणि थंड इंजिनात लवकर पसरते. युरोपातल्या काही कंपन्या त्यावर दोन वर्षांपर्यंतची मुदत देतात. पण ऑइल महाग असले म्हणून त्यात उतरलेले पाणी आणि पेट्रोल नाहीसे होत नाही. पुस्तिकेत एक वर्ष लिहिले असेल तर सिंथेटिक भरूनही एकच वर्ष. गाडी वॉरंटीत असेल तर हे आणखी महत्त्वाचे. गाडी चाललीच नाही या कारणाने सर्व्हिस चुकवली, तर पुढे इंजिनाचा दावा अडू शकतो.

उभी करण्याआधी बदलावे की नंतर?

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ वाहन उभे राहणार असेल, तर उभे करण्याआधी बदलावे. जुन्या ऑइलमधले आम्ल आणि पाणी आधीच बाहेर जाते. नवे ऑइल भरल्यावर गाडी अर्धा तास रस्त्यावर चालवावी, म्हणजे ते सगळीकडे पोचते, आणि मगच उभी करावी. पुन्हा सुरू करताना वर्ष झालेले नसेल आणि ऑइल स्वच्छ दिसत असेल, तर लगेच पुन्हा बदलायची गरज नाही.

रोज सकाळी पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करण्याची सवय अनेक घरांत असते. बॅटरीसाठी म्हणून हे केले जाते, पण ऑइलसाठी ते उलट घातक. दर वेळी थोडे पाणी आणि पेट्रोल आत जाते, तापून बाहेर काहीच पडत नाही. पाच मिनिटांत बॅटरीही पुरेशी भरत नाही. त्यापेक्षा दोन आठवड्यांतून एकदा वीस-तीस किलोमीटरची फेरी मारावी. तेही जमत नसेल तर बॅटरीची वायर काढून गाडी शांत उभी राहू द्यावी.

घरच्या घरी तपासणी

गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी पट्टी काढून पाहावी.

- पातळी खालच्या खुणेजवळ असेल तर त्याच दर्जाचे ऑइल थोडे भरावे.
- पातळी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर इंधन किंवा पाणी मिसळल्याची शंका घ्यावी.
- ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर बदलावे.
- ऑइल दुधाळ, चहासारखे दिसत असेल तर गाडी सुरू करू नये. कूलंट आत शिरल्याची शक्यता असते. मेकॅनिकला दाखवावे.
- फक्त झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर साय दिसत असेल, तर बहुतेक वेळा ते छोट्या फेऱ्यांचे पाणी असते.
- डिझेल इंजिनात ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते. नुसत्या काळेपणावरून ते संपले असे ठरवू नये.

बऱ्याच महिन्यांनी गाडी सुरू करताना

उभ्या इंजिनाच्या वरच्या भागातले ऑइल खाली उतरलेले असते. पहिल्या काही सेकंदांत धातूवर धातू घासतो. म्हणून सुरू केल्यावर लगेच रेस वाढवू नये. ओढून बंद करायची दांडी असलेल्या जुन्या डिझेल ट्रॅक्टरमध्ये ती दांडी ओढून धरून चार-पाच सेकंद स्टार्टर दोनदा फिरवावा, म्हणजे इंजिन पेट न घेता ऑइल वर चढते. मग नेहमीसारखे सुरू करावे. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही तर इंजिन ताबडतोब बंद करावे. सुरू करण्याआधी बॉनेट उघडून उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, हेही पाहावे.

जळक्या ऑइलचे काय करावे?

काढलेले काळे ऑइल बांधावर, नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. त्यात धातूचे कण आणि घातक रसायने असतात. थोडे ऑइलही पुष्कळ पाणी खराब करते, आणि कळवण परिसरात पिण्याचे आणि शेतीचे पाणी बरेचसे विहिरींवरच अवलंबून असते. 2016 च्या घातक कचरा नियमांत वापरलेले ऑइल नियंत्रित कचरा मानलेले आहे. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, जे गॅरेज जुने ऑइल शुद्धीकरणासाठी देते तिथे द्यावे.

ऑइल बदलले की तारीख आणि किलोमीटर किंवा तास कागदावर लिहून तो ऑइलच्या झाकणाजवळ चिकटवावा. कमी चालणाऱ्या गाडीत हीच गोष्ट हमखास विसरली जाते. मीटर तिथेच असतो, आणि वर्ष मात्र उलटून गेलेले असते.