चित्रांना बोलविणारा आवाज

चित्रपटगृहांत दिवे मालवले, कीं मूळ चित्रपटाच्या आधीं पुढें लागणाऱ्या एखाद्या चित्रपटाची झलक दाखविण्याचा प्रघात आहे. तिला ट्रेलर म्हणतात. कित्येक वर्षें अशा ट्रेलरांत एक धीरगंभीर आवाज प्रेक्षकाला बोट धरून कथेच्या उंबरठ्यापर्यंत नेऊन सोडीत असे. अमेरिकेंत डॉन लाफॉन्टेन या गृहस्थांनीं हा व्यवसाय इतका नांवारूपास आणला, कीं २००८ सालीं ते वारले तेव्हां त्यांच्या आवाजांतील ट्रेलरांची संख्या पांच हजारांवर गेलेली होती. लाखों लोकांनीं त्यांचा आवाज ओळखला. चेहरा मात्र फारच थोड्यांनीं. परंतु चित्र पुढें धरून त्याची कथा सांगणारा आवाज ही कांहीं चित्रपटानें निर्माण केलेली वस्तु नव्हे. आपल्या कोंकणांत तो आवाज चित्रपटाच्या जन्माआधीं कितीतरी घुमत होता.

मालवणच्या किनाऱ्यापासून आंत, कुडाळजवळ पिंगुळी नांवाचा गांव आहे. तेथील ठाकर समाजानें कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी या कला वंशपरंपरेनें सांभाळल्या. चित्रकथीची सामग्री अगदीं साधी. सुमारें हातभर रुंदीच्या कागदांवर रंगविलेलीं तीस-चाळीस किंवा त्याहून अधिक चित्रें. एका कथेचीं चित्रें मिळून एक पोथी होते. आरंभीं गणपति आणि सरस्वती, पुढें रामायण-महाभारतांतील एखादें आख्यान. कथेकरी वीणा घेऊन बसतो, साथीला टाळ आणि हुडूक हें लहानसें चर्मवाद्य. देवळांतील दिव्याच्या उजेडांत एकेक चित्र पुढें येतें, त्याचा प्रसंग गाऊन व बोलून संपतो आणि तें बाजूला होऊन दुसरें येतें.

आतां या चित्रांकडे नीट पाहावें. त्यांतील माणसें बहुधा एका बाजूनें दाखविलेलीं, डोळे मोठे, अंगविक्षेप ठराविक. राम क्रोधावला आहे कीं शोक करीत आहे, हें केवळ चेहऱ्यावरून सहसा कळावयाचें नाहीं. तें कळतें कथेकऱ्याच्या गळ्यावरून. तोच दशरथ होऊन विलाप करतो, तोच कैकेयीचा हट्ट धरतो, आणि क्षणांत निवेदक होऊन श्रोत्यांना पुढच्या प्रसंगाकडे नेतो. वेष नाहीं, रंगभूषा नाहीं, नेपथ्य नाहीं. एका माणसाच्या कंठांत सारी नाटकमंडळी भरलेली असते. आज पडद्यामागें बसून अनेक पात्रांना आवाज देणारा नट जें करतो, तेंच हें काम होय.

ही विद्या जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत चित्रांच्या आधारें कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. पिंगुळीच्या कलावंतांना सावंतवाडीच्या सावंत-भोसले घराण्याचा आश्रय होता, आणि आसपासच्या देवळांतून त्यांना कथा सांगण्यास बोलावणें असे. सण, देऊळ आणि राजाश्रय या तीन खांबांवर ती कला उभी होती.

पुढें ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. तेथें चित्रें हलत होतीं, पण बोलत नव्हतीं. मूकपटांच्या काळांत पडद्यावरील अक्षरें निरक्षर प्रेक्षकांना वाचून दाखविणारा कोणीतरी लागे. जपानांत तर बेन्शी नांवाचा निवेदक पडद्याशेजारीं बसून सर्व पात्रांचीं भाषणें म्हणे, आणि त्याच्या नांवावर खेळाला गर्दी होई. पिंगुळीचा कथेकरी आणि हा बेन्शी एकमेकांस कधीं भेटले नाहींत. तरी दोघांचा धंदा एकच. १९३१ सालीं 'आलम आरा' आला. १९३२ सालीं त्याच हरिश्चंद्राची कथा घेऊन प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' मराठींत बोलूं लागला. चित्राला स्वतःचा आवाज मिळाला आणि चित्राशेजारीं बसणाऱ्या माणसाची गरज उरली नाहीं. संस्थानेंही विलीन झालीं. आश्रय गेला आणि श्रोताही पांगला.

यानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. चित्रें वांचलीं. संग्राहकांनीं तीं जमविलीं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत तीं जपून ठेवलेलीं आहेत. कांहीं चित्रें पैठण येथें हातीं लागल्यामुळें अशा चित्रांना 'पैठण शैली' हें नांव पडलें, आणि पिंगुळीचें नांव दीर्घकाळ मागें राहिलें. पण कपाटाच्या कांचेआड ठेवलेलें चित्र मुकें असतें. कोणत्या चित्रावर आवाज चढवावयाचा, कोठें थांबावयाचें, कोठें टाळ बंद ठेवावयाचा, हें कागदावर लिहिलेलें नसतें. तें बापाशेजारीं बसणारा मुलगा कानांनीं शिकतो. एक पिढी चुकली, कीं तो धागा तुटतो. मग कितीही द्रव्य खर्चिलें तरी तो पुन्हां जोडतां येत नाहीं.

तो धागा तुटूं नये म्हणून ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्यांत पिंगुळीचे परशुराम आत्माराम गंगावणे यांचें नांव आदरानें घ्यावें लागतें. त्यांनीं आपल्या गुरांच्या गोठ्याचें संग्रहालय केलें, बाहुल्या व चित्रें तेथें मांडलीं, आणि मुलांनाही याच वाटेवर आणिलें. २०२१ सालीं भारत सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. ज्या कलेंत सांगणाऱ्याचें नांव सहसा कोणी विचारीत नसे, तिच्यांतील एका माणसाचें नांव देशानें घेतलें, ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र सन्मानानें कला जिवंत राहत नाहीं. ती श्रोत्यानें जिवंत राहते. मालवणचा किल्ला आणि समुद्र पाहावयास दरवर्षीं शहरांतून पुष्कळ कुटुंबें जातात. त्यांनीं परततांना कुडाळपाशीं थोडी वाट वांकडी करून पिंगुळीस जावें, मुलांना जवळ बसवावें आणि एक आख्यान शेवटपर्यंत ऐकावें. चित्रें विकत घेणें सोपें आहे. त्यांना बोलविणारा आवाज विकत मिळत नाहीं, तो बसून ऐकावाच लागतो.