विहारचे पाणी आणि हेन्री कॉनिबेअर



मुंबईतील आपल्या पूर्वजांविषयी बोलताना आपण मांडवीतील ‘जुन्या मशिदी’चा, म्हणजे सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये उभारलेल्या शाआर हारहामीमचा, उल्लेख आवर्जून करतो. त्या मशिदीभोवतीच्या गल्ल्यांत राहणारी माणसे पाणी कोठून आणीत, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका अभियंत्याची ओळख होते. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे.

हेन्री कॉनिबेअर यांचा जन्म १८२३ चा. वडील विल्यम डॅनियल कॉनिबेअर हे धर्मगुरू आणि नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ होते. हेन्री यांनी स्थापत्याचा मार्ग धरला व ते मुंबईस आले. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांचे स्मारक म्हणून कुलाब्यास जे चर्च उभे राहिले, त्याचा आराखडा त्यांचाच. परंतु त्यांची खरी कामगिरी पाण्याची आहे.

त्या काळी मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. धोबीतलाव, गोवालिया टँक ही नावे त्याचीच खूण होय. समुद्र जवळ असल्याने अनेक विहिरींचे पाणी मचूळ लागे. उन्हाळ्यात तलाव आटत. १८५४ मध्ये टंचाई इतकी वाढली की, बाहेरून होड्यांनी पाणी आणावे लागले आणि गुरे माहीमकडे हलवावी लागली.

आहेत त्याच विहिरी खोल कराव्यात, तलाव वाढवावेत, हा स्वस्त उपाय होता. कॉनिबेअर शहराच्या स्वच्छता मंडळाकडे नोकरीस होते. बेटावरचे पाणी बेटाला पुरणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. साष्टीत, मिठी नदीच्या उगमाकडे, विहारच्या दरीत पाणी अडवावे ही कल्पना त्यांच्याआधीही सुचवली गेली होती. ती आराखड्यात उतरवून सरकारला पटवून देण्याचे श्रेय त्यांचे. १८५६ मध्ये काम सुरू झाले. मातीचे तीन बांध घातले गेले आणि ३२ इंच व्यासाचा ओतीव लोखंडी नळ शहरापर्यंत आणला गेला. तलाव उंचावर असल्यामुळे पाणी उताराने आपोआप वाहत येई, पंपाची गरज नव्हती. १८६० मध्ये रोज सुमारे ७० लाख गॅलन पाणी मुंबईस मिळू लागले. पुढे कॉनिबेअर इंग्लंडला परतले व वेल्समधील रेल्वेच्या कामात गुंतले.

विहारचे पाणी लवकरच अपुरे ठरले. १८६४ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती आठ लाख सोळा हजारांवर गेली होती. मग १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा तलावाचे पाणी आले. मला याहून गंभीर वाटते ती दुसरी गोष्ट. पाणी शहरात आले, परंतु वापरलेले पाणी बाहेर नेण्याची व्यवस्था त्या वेगाने झाली नाही. शहराच्या आरोग्यस्थितीवर कॉनिबेअरांनी स्वतः अहवाल लिहिला होता. घाण कोठे साचते हे त्यांना ठाऊक होते. तरीही गटारांच्या योजनांवर वाद चालत राहिले, आणि नळाचे पाणी दाट वस्तीच्या जमिनीत मुरत राहिले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रथम आढळला तो मांडवीत, आपल्या जुन्या मशिदीच्या परिसरात. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, पाण्याने नव्हे. परंतु ज्या दाटीत व घाणीत उंदीर माजले, ती उपेक्षा वर्षानुवर्षांची होती. तिचा भार मुख्यतः चाळींतील गरिबांनी सोसला.

याचा दोष मी एकट्या अभियंत्यास देणार नाही. तलाव डोळ्यांना दिसतो, त्याचे कौतुक होते; जमिनीखालच्या गटारासाठी कर द्यायला कोणी आनंदाने पुढे येत नाही.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे दिमोना आणि बेरशेबा येथे स्थिरावली. त्या नेगेवमधील शेतांना आज तेल अवीव परिसराचे सांडपाणी शुद्ध करून दिले जाते. १९६४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय जलवाहिनीचा अभिमान आपण बाळगतो, तो योग्यच आहे. परंतु आपल्या नातवंडांना ती दाखवाल, तेव्हा सांडपाण्याचे ते केंद्रही दाखवा, आणि मांडवीतील आपल्या माणसांची हकीकतही सांगा.