त्स्वेत यांचे वर्णलेखन आणि पुराव्याचा प्रश्न : १९०३ ते १९४४

वर्णलेखन, म्हणजेच क्रोमॅटोग्राफी, या पद्धतीची सुमारे पाव शतक उपेक्षा झाली. तिचे कारण सामान्यतः जनक मिखाईल त्स्वेत (१८७२–१९१९) यांच्या प्रतिकूल आयुष्यात शोधले जाते. ही मीमांसा अपुरी आहे. मिश्रणातील पदार्थ वेगळा झाला हे कोणत्या पुराव्यावर मानावयाचे, हा खरा वाद होता.

त्स्वेत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १९०३ मध्ये वॉर्सा येथे त्यांनी अधिशोषणावर आधारित ही पद्धत प्रथम मांडली आणि १९०६ मध्ये जर्मन नियतकालिकातून तिला नाव दिले. (रशियन भाषेत ‘त्स्वेत’ म्हणजे रंग, नामकरणात आडनाव गुंफण्याचा मोह त्यांना झाला असल्यास नवल नाही.) अरुंद काचनळीत खडूची बारीक पूड घट्ट भरून तीवर पानांच्या अर्काचा विद्राव ओतावयाचा व नंतर शुद्ध विद्रावक सोडावयाचा. पुडीच्या कणांना जे रंगद्रव्य अधिक घट्ट चिकटते ते मागे रेंगाळते. ज्याचा ओढा विद्रावकाकडे अधिक, ते पुढे सरकते. कॅरोटीन सर्वांत आधी खाली उतरते, तर हरितद्रव्याचे दोन प्रकार वेगवेगळ्या पट्ट्यांत स्थिरावतात. हा स्तंभ बाहेर ढकलून त्स्वेत पट्टे चाकूने कापून वेगळे करीत आणि प्रत्येकातील द्रव्य वर्णपटावरून ओळखीत.

रसायनशास्त्रज्ञांना हे पुरेसे वाटले नाही. त्यांच्या दृष्टीने शुद्धतेची साक्ष म्हणजे पुरेशा प्रमाणात मिळालेले स्फटिक. हरितद्रव्यावरील संशोधनासाठी १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे रिचर्ड विलस्टेटर यांनी ही पद्धत मोठ्या प्रमाणावरील निर्मितीस अयोग्य ठरविली. या आक्षेपास केवळ अहंकार म्हणणे अन्यायाचे होईल, कारण तीव्र अधिशोषकांवर हरितद्रव्याचे खरोखरच विघटन होते. त्स्वेत यांना याची जाणीव होती. म्हणूनच त्यांनी शंभरांहून अधिक अधिशोषक पारखले.

१९३१ मध्ये हायडेलबर्ग येथे विलस्टेटर यांचेच शिष्य रिचर्ड कून यांनी एडगर लेडरर यांच्यासह हीच पद्धत वापरून एकजिनसी समजल्या गेलेल्या कॅरोटीनचे अल्फा व बीटा असे दोन घटक वेगळे केले. आता हाती स्फटिक होते. पद्धत मान्य झाली, पण जुन्या कसोटीवर.

कसोटी बदलली ती पुढे. लोकरीतील अमिनो आम्लांवर लीड्स येथे काम करणाऱ्या मार्टिन व सिंज यांनी १९४१ मध्ये दोन द्रवांतील विभाजनावर आधारित वर्णलेखन मांडले. त्यासाठी त्यांना १९५२ चे नोबेल मिळाले. १९४४ मध्ये कॉन्सडेन, गॉर्डन व मार्टिन यांनी गाळणकागद वापरात आणला. अमिनो आम्ले रंगहीन असल्याने निनहायड्रिनने ठिपके दृश्य करावे लागत. पदार्थाने कापलेले अंतर भागिले विद्रावकाने कापलेले अंतर, हे गुणोत्तरच आता ओळखीचे साधन झाले. स्फटिकाची गरज उरली नाही. तथापि दोन भिन्न पदार्थांचे गुणोत्तर एकच येऊ शकते. म्हणून त्याच प्रयोगांत कागद काटकोनात फिरवून दुसऱ्या विद्रावकात पुन्हा चढविला जाई आणि एकावर एक पडलेले ठिपके विलग केले जात.